रात्री दीडची वेळ द्या, आम्ही येतो

घणसोली, नवी मुंबई
१२ ऑगस्ट २०२१

प्रति,
ठाणे आणि नवी मुंबईत लसीकरणाच्या वेळा ठरवणारे सर्व अधिकारी

स.न.वि.वि.

मी घणसोलीत पोळी-भाजी केंद्र चालवते. माझा दिवस रात्री पावणेतीनला सुरू होतो. साडेतीनपर्यंत कणीक भिजवून होते, चारला दोन्ही तवे तापतात, सहाला पहिल्या पाळीचे डबे निघतात आणि साडेनऊला ऑफिसचे. अकराला ओटा धुऊन मी आडवी होते. कोरोनामुळे डबे निम्म्यावर आलेत, तरी रोजच्या अडीचशे पोळ्या काही चुकत नाहीत. हे सगळे सांगायचे कारण एवढेच, की लसीची टोकने सकाळी वाटतात आणि नेमक्या त्याच वेळी माझ्या घरातून कोणालाही पाय बाहेर काढता येत नाही. म्हणून हे पत्र. मला रात्री दीडची वेळ द्या. तीनची द्या, त्या दिवशी कणीक आधी भिजवून ठेवीन. पण मी येईन.

दुपारी का जात नाही, असे कोणी विचारेल. दोनदा गेले. पहिल्यांदा त्या दिवसाची लस संपली होती. दुसऱ्यांदा फाटकावर कागद चिकटवलेला होता, आज लसीकरण बंद. दुपारी जागा असते, सावली असते, सिस्टर असतात, फक्त टोकन नसते. ते सकाळीच संपलेले असते.

माझे यजमान रबाळ्याच्या बाजूला एका इमारतीत सिक्युरिटीत आहेत, रात्री आठ ते सकाळी आठ. तिथे मोठमोठी कॉम्प्युटर यंत्रे रात्रंदिवस चालू असतात, त्यामुळे इमारत एक मिनिटही मोकळी सोडता येत नाही. जुलैत त्यांनी लसीसाठी तीन खेपा घातल्या. पहिल्या खेपेला ड्युटीवरून सरळ गेले, साडेआठला पोहोचले. शंभर टोकने वाटून झाली होती. दुसऱ्या दिवशी साथीदाराला एक तास आधी यायला सांगून सातला गेले, तरी तेच. तिसऱ्या वेळी अर्ध्या रात्रीचा पगार सोडला आणि पहाटे साडेचारला केंद्रावर पोहोचले. तिथे काय दिसले, ते त्यांनी घरी येऊन सांगितले, आणि त्या दिवसापासून हे पत्र माझ्या डोक्यात घोळते आहे.

साडेचारच्या अंधारात तिथे साठ-सत्तर माणसे आधीच होती. पावसाची रिपरिप चालू. काही जण छत्री धरून बसलेले, काही जणांनी नंबर लावण्यासाठी दगड, चपला, पिशव्या ठेवलेल्या. एक बाई वर्षभराचे लेकरू प्लास्टिकच्या कागदाखाली घेऊन बसली होती. दोन रिक्षावाले रात्रभराचा धंदा सोडून आलेले. एक दूधवाला रांगेत पिशवी ठेवून दूध टाकायला गेला होता, मागच्या माणसाने त्याची जागा राखली होती. यजमानांना चौऱ्याहत्तर नंबरचे टोकन मिळाले. साडेदहाला सुई टोचायला सुरुवात झाली, त्यांची पाळी आली पाऊणला. म्हणजे आठ तास. घरी आले, दोन घास खाल्ले, झोपले, संध्याकाळी अंग तापले आणि आठ वाजता परत ड्युटीवर गेले. ते केंद्र कोणते, हे मी मुद्दाम लिहीत नाही. तिथल्या सिस्टरची काही चूक नव्हती. त्या बिचाऱ्या सकाळी आल्या त्या सहा वाजेपर्यंत टोचतच होत्या.

साहेब, मला या गोष्टीत जे दिसले, ते तुम्ही नीट बघावे अशी विनंती आहे. रात्री लस घ्यायला कोण येणार, असे म्हटले जाते. लोक येतच आहेत. साडेचारला साठ-सत्तर जण आले होते. पुढचे सहा तास दार बंद होते एवढेच.

आणि ही माणसे हौसेने उन्हापावसात बसत नाहीत. त्यांना वेळ दिलेली नाही, म्हणून बसतात. आमच्यासारख्या हातावर पोट असणाऱ्यांना गैरसोयीची सवय आहे. मध्यरात्री या म्हणा, पनवेलला या म्हणा, आम्ही त्याची जुळवाजुळव करतो. शेजारणीला तव्यावर उभे करू, साथीदाराशी पाळी बदलून घेऊ, पोर नणंदेकडे ठेवू. पण जुळवाजुळव करायला धरून ठेवायला काहीतरी लागते. ‘सकाळी या, बघू’ यावर काही जुळवता येत नाही. एक दिवस गमावून लस मिळत असेल, तर तो दिवस आम्ही गमावू. तीन दिवस गमावून मिळेल की नाही ते ठाऊक नाही, हे आम्हाला झेपत नाही. म्हणून आमचे मागणे असे, की रात्री तीनची वेळ चालेल, पण तीन म्हणजे तीन.

आता हे सगळे आजच का लिहायला बसले, ते सांगते. गेल्या रविवारी, ८ ऑगस्टला, मुख्यमंत्र्यांनी जाहीर केले की दोन्ही डोस घेऊन चौदा दिवस झालेल्यांना १५ ऑगस्टपासून लोकलने जाता येईल. कालपासून स्टेशनांवर प्रमाणपत्र तपासून शिक्का मारण्याचे काम सुरू झाले. त्याचा आनंद आहे. पण माझ्याकडे कामाला असलेल्या मावशींचे काय, ते ऐका.

मावशी दिव्याच्या. वय एकोणचाळीस, पण सगळे गिऱ्हाईक त्यांना मावशीच म्हणते. पूर्वी दिवा-ठाणे आणि ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची गाडी पकडून घणसोलीला यायच्या, संध्याकाळी मुलांकडे परत. लोकल फक्त अत्यावश्यक सेवेला राहिली तेव्हापासून त्यांच्यापुढे रस्त्याचाच मार्ग उरला. तीन गाड्या बदलायच्या आणि दिवसाच्या मजुरीतला मोठा वाटा भाड्यात घालवायचा. म्हणून त्या आता सोमवारी येतात आणि शनिवारी जातात. आठवडाभर माझ्या स्वयंपाकघरात सतरंजी टाकून झोपतात. रात्री साडेनऊला फोनवर मुलीला भाजी कशी करायची ते सांगतात, मग धाकट्याचा अभ्यास विचारतात. त्यांचा पहिला डोस अजून झालेला नाही. वयाच्या अठराव्या वर्षापासून पुढच्यांचे लसीकरण १ मेला सुरू झाले. लस नाही म्हणून आपल्या राज्यात ते मेमध्येच थांबले आणि जूनच्या उत्तरार्धात पुन्हा सुरू झाले. तेव्हापासून सहा शनिवार मावशींनी दिव्याला जाऊन प्रयत्न केला. एका शनिवारी लस होती. त्या दिवशी टोकन नव्हते.

समजा, येत्या रविवारी, १५ ऑगस्टलाच मावशींना कोविशिल्डचा पहिला डोस मिळाला. दुसरा ८४ दिवसांनी, म्हणजे ७ नोव्हेंबरला. त्यावर चौदा दिवस. २१ नोव्हेंबर. यंदा लक्ष्मीपूजन ४ तारखेला आणि भाऊबीज ६ तारखेला. म्हणजे आजच्या आज नशीब उघडले तरी मावशी गणपती, दसरा, दिवाळी सगळे आटोपल्यावर लोकलमध्ये बसतील. पहिला डोस जितके दिवस लांबेल, तितके दिवस ही २१ नोव्हेंबर पुढे सरकेल. कोव्हॅक्सिनचे अंतर कमी असते, हे माहीत आहे. पण कोणती लस वाट्याला येईल, हे रांगेतला माणूस ठरवत नाही.

खासगीत घ्या, असे आमच्या एका गिऱ्हाइकाने मावशींना चांगल्या मनाने सुचवले. कोविशिल्डचे ७८० रुपये. दोन डोसचे १५६०. मावशी काही बोलल्या नाहीत, डबा भरून त्याच्या हातात दिला. मोबाइलवर वेळ घ्या, हेही सांगून झाले. माझा मुलगा अठरा वर्षांचा आहे, तो घरातल्या सगळ्यांसाठी कोविनवर बसतो. मावशींचा फोन बटणांचा. त्यांच्या फोनवर ओटीपी येईपर्यंत इकडे पडद्यावरच्या सगळ्या वेळा लाल झालेल्या असतात.

तुमच्या अडचणी मला कळत नाहीत, असे समजू नका. लस वरून येते. ती कमी आली तर रात्रीची केंद्रे उघडून ती वाढणार नाही. मी जास्त लस मागत नाही. दिवसाच्या शंभरातल्या वीस रात्रीसाठी ठेवा, एवढेच मागते. मग सकाळच्या रांगेतले तेवढे लोक कमी होतील, कारण पहाटे चारला दगड ठेवणाऱ्यांतले बरेच जण रात्रपाळीवालेच असतात.

दुसरी अडचण कुपीची. कोविशिल्डच्या एका कुपीत दहा डोस असतात आणि कुपी एकदा उघडली की चार तासांत वापरून संपवावी लागते. रात्री तीनच माणसे आली तर सात डोस वाया जाणार, ही भीती खरी आहे. मी स्वयंपाक करणारी बाई आहे, उरलेले अन्न फेकताना काय होते ते मला कळते. पण म्हणूनच आधी वेळ लावून द्या, आणि ती दहा-दहाच्या गटाने द्या. रात्री बारा ते एक दहा जण, एक ते दोन दहा जण. गटात दहा नावे झाल्याशिवाय कुपी उघडू नका. नाव देऊन कोणी आले नाही, तर आजूबाजूला जागे असलेले लोक कमी नाहीत. तुर्भ्याच्या भाजीपाला मार्केटमध्ये एक हाक मारली तर पाच मिनिटांत दहाची माणसे पंधरा होतील.

मार्केटचे मी अंदाजाने बोलत नाही. माझे वडील पाटणहून आलेले, तिथे माथाडी होते. मध्यरात्रीपासून नाशिक, पुणे, साताऱ्याकडच्या गाड्या लागायला सुरुवात होते, उजाडायच्या आत निम्मा माल उठलेला असतो. मुंबईची सकाळची भाजी त्या टोळ्यांच्या पाठीवरून जाते. तिथे सोशल डिस्टन्स कसले, एका गोणीला दोन माणसे. गेल्या वर्षी मेमध्ये रुग्ण इतके वाढले की मार्केटच काही दिवस बंद ठेवावे लागले. म्हणजे आजार पसरायला ही जागा किती अनुकूल आहे, हे आपण पाहिलेले आहे. ती जागा रात्री जागी असते. लसीचे टेबल तिथे रात्री अकरा ते दोन लावले, तर हमालाला काम सोडून कुठे जावे लागणार नाही. दोन गाड्यांच्या मधल्या वेळात तो सुई घेईल आणि तिथेच अर्धा तास बसेल. दुसऱ्या दिवशी ताप आला तर काय, हेही त्याला विचारा. त्याची सुट्टी ज्या दिवशी, त्याच्या आदल्या रात्रीची वेळ त्याला द्या.

असे रात्रीचे ठाणे आणि रात्रीची नवी मुंबई तुम्ही कधी पाहिली आहे का? पहाटे साडेतीनला ठाणे स्टेशनबाहेर पेपरवाले फुटपाथवर बसून पुरवण्या घालत असतात. वागळे इस्टेटमध्ये, महापे-रबाळ्याच्या एमआयडीसीत पाळ्या बदलतात. बेकऱ्यांत पाव निघत असतो, ऐरोलीच्या टोलनाक्यावर पोरे पावत्या फाडत उभी असतात, आणि प्रत्येक सोसायटीच्या फाटकावर एक वॉचमन खुर्चीत अंग सावरून बसलेला असतो. या सगळ्यांनी दीड वर्ष एकही दिवस घरून काम केलेले नाही. शहर सकाळी जागे होते तेव्हा ही माणसे झोपायला जातात, आणि तुमचे केंद्र तेव्हाच उघडते.

परवानगीचा प्रश्न नाही, हे मी मुलाकडून खात्री करून घेतले आहे. केंद्राच्या आरोग्यमंत्र्यांनी ३ मार्चलाच जाहीर केले होते की लसीकरणाला वेळेचे बंधन राहिलेले नाही, चोवीस तास लस देता येईल. इंग्लंडमध्ये जानेवारीत हीच चर्चा झाली होती. रात्री आठनंतर लस घ्यायची लोकांची फारशी मागणी नाही, असे पंतप्रधानांच्या कार्यालयाकडून सांगितले गेले. दोन दिवसांनी पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनीच संसदेत सांगितले, की चोवीस तास लसीकरण शक्य तितक्या लवकर सुरू करू. त्याच महिन्यात न्यूयॉर्कमध्ये ब्रुकलिन आणि ब्राँक्सला रात्रभर चालणारी केंद्रे उघडली. ती श्रीमंतांची शहरे आहेत, हे मान्य. पण रात्री जागणारा कामगार तिथेही आहे आणि इथेही.

आणि आपल्याकडे लस माणसापर्यंत नेण्याची रीत जुनीच आहे. माझा मुलगा दोन वर्षांचा असताना आम्ही गावी निघालो होतो. सातारा स्टँडवर एसटी थांबली, तशा खांद्याला निळा डबा अडकवलेल्या दोन बाया खिडकीशी आल्या, पोराच्या तोंडात पोलिओचे दोन थेंब टाकले, करंगळीला शाई लावली आणि पुढच्या गाडीकडे गेल्या. कोणी आम्हाला रांगेत बोलावले नाही. प्रवासातले पोर सुटू नये म्हणून त्या गाड्या शोधत फिरत होत्या. २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला, तेव्हा मला त्या दोघी आठवल्या. लसीकरणाचे खाते तेच आहे. तीच माणसे आहेत. त्यांना हे जमते.

फक्त त्या माणसांवर आणखी ओझे टाकून हे करू नका, हे हात जोडून सांगते. दिवसभर टोचून दमलेल्या सिस्टरला रात्री परत उभे करू नका. आशाताई मानधनासाठी जूनमध्ये संपावर गेल्या होत्या, ते विसरू नका. रात्रीच्या कामाला वेगळी माणसे, वेगळा भत्ता, आणि दुसऱ्या दिवशी सुट्टी द्या. रोज नको. आठवड्यातल्या दोन रात्री पुरतील. एक तुर्भ्याला, एक महापे-रबाळ्याकडे. ठाण्यात एक स्टेशनजवळ, एक वागळे इस्टेटला. महिनाभर करून बघा. नाही लोक आले, तर बंद करा, मी तक्रार करणार नाही.

बायकांसाठी मात्र काही गोष्टी आधी कराव्या लागतील. केंद्र हमरस्त्यावर हवे, आतल्या गल्लीत नको. रस्त्यावरचे दिवे चालू हवेत. एक महिला पोलीस, एक स्वच्छ मुतारी आणि लस घेतल्यावर बसायला छप्पर हवे. ऑगस्टचा पाऊस आहे. रात्रीच्या फिरण्यावर बंधने असतील, तर लसीच्या वेळेचा संदेश किंवा टोकन दाखवल्यावर वाटेत अडवू नये, असे पोलिसांना कळवून ठेवा. इतके केलेत तर बायका येतील. मी एकटी नाही. आमच्या गल्लीत पाच घरी रात्री दोन-तीनला दिवा लागतो. एक फुलांची वेणी करते, दोघी इडलीचे पीठ विकतात, एकीचा नवरा दूध टाकतो आणि ती पिशव्या मोजून देते. रविवारी मी सगळ्यांकडे जाऊन आले. रात्री दीडला वेळ मिळाली तर येशील का, एवढेच विचारले. एकीनेही नाही म्हटले नाही. एकीने विचारले, “नक्की मिळेल ना?” दुसरीने विचारले, “सासूबाईंना आणले तर चालेल का?”

आमच्याकडून काय होईल, तेही लिहिते. वह्या घालून नावे लिहून घ्यायचे काम आम्ही करू. आधारचे नंबर तपासून, दहा-दहाचे गट करून यादी तुमच्याकडे देऊ. ज्यांच्याकडे साधा फोन आहे, त्यांची नोंदणी माझा मुलगा आणि त्याचे तीन मित्र करून देतील. गटातले कोणी आजारी पडले, तर त्याच्या जागी दुसरा माणूस आम्ही उभा करू. एकही डोस आमच्यामुळे वाया जाणार नाही, ही जबाबदारी आमची. पहिल्या दहा जणांची यादी तयार आहे. त्यात पहिले नाव मावशींचे आहे, दुसरे माझे.

आणि ज्या रात्री तुम्ही घणसोली किंवा रबाळ्याला केंद्र उघडाल, त्या रात्री सिस्टर, डॉक्टर, पोलीस, ड्रायव्हर, जे कोणी कामावर असतील त्यांचे जेवण माझ्याकडून. पैसे नकोत. किती माणसे आहेत ते आदल्या संध्याकाळी कळवा, म्हणजे कणीक त्या बेताने भिजवता येईल. बारा वाजता गरम डबे केंद्रावर पोहोचतील.

आपली,
पोळी-भाजी केंद्र चालवणारी एक बाई
घणसोली